१८ पूर्ण होणाऱ्या मुलांची कागदपत्रं कोणत्या क्रमाने करायची? (नागपूर)

प्रश्न
इथल्या एका बालगृहातली दोन मुलं चार-पाच महिन्यांत १८ पूर्ण करताहेत. मुलगा दहावी पास आहे, त्याला इलेक्ट्रिशियन व्हायचंय. आई हयात आहे, पण सांभाळू शकत नाही. मुलीचे आईवडील दोघंही नाहीत. ती बारावी सायन्सला, पुढे नर्सिंग म्हणते. अनुरक्षणासाठी (१८ नंतर संस्थेबाहेर पडल्यावर मिळणाऱ्या मदतीसाठी) अनाथ प्रमाणपत्र लागतंच का? आधी कशाला लागावं?

उत्तर १
नाही लागत. या दोन गोष्टींची गल्लत फार होते आणि एक पालक असलेली मुलं त्यात मागे राहतात. बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ४६ संस्थेतून बाहेर पडणाऱ्या कोणत्याही मुलासाठी आहे. मदत २१ पर्यंत, अपवाद म्हणून २३ पर्यंत. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेत रक्कम महिना ४,००० रुपये. वाढदिवसाची वाट पाहू नका. अधीक्षकांकडून वैयक्तिक काळजी आराखडा अद्ययावत करून घ्या, त्यात कोर्स आणि राहायची सोय स्पष्ट लिहा, आणि आत्ताच प्रस्ताव बाल कल्याण समिती व जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे द्या. मूल बाहेर पडलं की फाइल मागे पडते, मग त्याला शोधत कोणी येत नाही.

मुलीचं अनाथ प्रमाणपत्र मात्र लगेच करा. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे, प्रमाणपत्र विभागीय उपायुक्तांकडून. शिक्षण आणि सरकारी नोकरीतलं १ टक्का आरक्षण त्यावरच मिळतं.

उत्तर २
ताई, त्याआधी आधार बघा. बहुतेक ठिकाणी गाडी इथेच अडते. मोबाइल नंबर जुन्या कर्मचाऱ्याचा असतो, ओटीपी त्याला जातो. मुलाच्याच हाती राहील असा नंबर जोडा, १५ वर्षांनंतरचं बोटांचे ठसे-डोळ्यांचं अपडेट झालंय का तपासा. नाव आधार, टीसी आणि समितीच्या आदेशावर अक्षरन् अक्षर सारखं हवं. बँक खातं अज्ञान (१८ खालचं मूल) म्हणून उघडलेलं असेल तर १८ नंतर केवायसी पुन्हा लागतं, आणि आधार खात्याशी डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) जोडलेलं नसेल तर पैसे मंजूर होऊनही परत जातात.

उत्तर ३
मुलासाठी: आयटीआयचा इलेक्ट्रिशियन कोर्स २ वर्षांचा, दहावीला गणित-विज्ञान हवं. अर्ज ऑनलाइन, दहावीच्या निकालानंतर. श्रद्धानंदपेठेतल्या सरकारी आयटीआयसोबत तालुक्याच्या आयटीआयही पसंतीक्रमात टाका. एकच पर्याय भरून फेरी हुकली तर वर्ष जातं. नंतर हिंगणा-बुटीबोरीच्या कारखान्यांत अप्रेंटिसशिप. पहिला पगार हाती यायला महिना-सव्वा महिना लागतो; तेवढ्या दिवसांचं खोलीभाडं, अनामत आणि मेसचे पैसे आधीच बाजूला ठेवा. चांगल्या कामाला लागलेली पोरं याच दिवसांत काम सोडतात. बाल न्याय नियमांत सहा ते आठ जणांच्या गटनिवासाची तरतूद आहे, त्याबद्दल जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे लेखी विचारा.

उत्तर १ (पुन्हा)
मुलीबद्दल एक राहिलं. बीएस्सी नर्सिंगची सीईटी वेगळी असते, फॉर्म बारावीच्या निकालाआधीच भरायचा असतो. प्रवेश कॅप फेरीतूनच (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) घ्या. जुलै २०२४ च्या शासन निर्णयातली शुल्कमाफी व्यवस्थापन कोट्याला लागू नाही. कॉलेज "आधी भरा, मग परत मिळेल" म्हणालं तर महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या अर्जाची पोच दाखवून लेखी उत्तर मागा.