बाहेर घोडा असलेली जुनी पंप बंदूक: नेमकी कोणत्या काळातली?

वैनगंगाकाठ

आमचे गाव भंडारा जिल्ह्यात, साकोलीच्या पलीकडे आहे. घरात माझ्या चुलत आजोबांच्या वेळेपासून एक १२ बोअरची एकनळी पंप बंदूक आहे. तिचा परवाना सध्या काकांच्या नावे असून त्याचे नूतनीकरणही वेळच्या वेळी झालेले आहे. ही बंदूक आमच्या मालगुजारीच्या काळात, म्हणजे १८९० च्या सुमारास, कोणा इंग्रज साहेबाने भेट दिली, असे घरातली वडीलधारी मंडळी ठामपणे सांगतात. मला मात्र शंका वाटते.

बंदुकीचा घोडा बाहेर दिसतो. खालचा लाकडी हातदांडा मागे ओढला की रिकामे काडतूस उजव्या बाजूने बाहेर पडते. नळीवर विंचेस्टरचे नाव आणि इतर बरेच बारीक शिक्के आहेत, पण गंज आणि जुन्या तेलाच्या थरामुळे ते सगळे वाचता येत नाहीत. अशा बंदुकीचे मॉडेल आणि वर्ष कसे ठरवावे? शिक्के उघडे करण्यासाठी गावातल्या लोहाराकडून नळी घासून घेतली तर चालेल काय?

पितळीकाडतूस

आधी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो: घासू नका. वर्ष सांगणारे शिक्के अर्ध्या मिलिमीटरहूनही उथळ असतात आणि एमरी पेपरचा एक हात फिरला की ते कायमचे जातात. मऊ सुती फडके व हलके तेल वापरावे, तेल पुसून काढल्यावर अक्षरांच्या खाचांत खडूची पूड बोटाने भरावी आणि टॉर्चचा प्रकाश आडवा टाकून वाचावे. हे सगळे करण्यापूर्वी नळी आणि खालचे मॅगझिन (काडतुसे साठवणारी नळी) दोन्ही रिकामे आहेत, याची काकांकडून खात्री करून घ्यावी. बाहेर घोडा असलेल्या या बंदुकीत चाप दाबून धरलेला असताना हातदांडा पुढे नेला की ती तत्काळ उडते, कारण पुढच्या काळातल्या बंदुकांत असलेली, चाप आणि घोडा यांचा संबंध तोडणारी योजना तिच्यात नाही.

आपण केलेल्या वर्णनावरून ही विंचेस्टरची १८९७ ची रचना दिसते. तिचा मूळ आराखडा जॉन ब्राउनिंग यांचा. त्यांचेच आधीचे मॉडेल १८९३ चे होते आणि त्याची चौकट, म्हणजे नळीमागचा यंत्रणा सामावणारा धातूचा भाग, वरून उघडी असे. १८९७ मध्ये चौकटीचा माथा बंद करून काडतूस फक्त बाजूने टाकण्याची सोय केली गेली. हातदांडा मागे ओढल्यावर बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता तुकडा) चौकटीच्या मागून बाहेर सरकत अंगठ्याच्या वर येतो काय, तेही पाहा. ही त्या बंदुकीची मोठी खूण आहे आणि बेसावध माणसाचा अंगठा फोडणारीही. याच कंपनीचे मॉडेल १२ हे १९१२ पासूनचे आणि त्याचा घोडा आत असतो, त्यामुळे त्याचा विचार येथे करण्याची गरज नाही. मार्लिन कंपनीच्याही बाहेर घोडा असलेल्या पंप बंदुका होत्या, पण आपल्या नळीवर नाव विंचेस्टरचे आहे.

हे मॉडेल १८९७ पासून १९५७ पर्यंत, म्हणजे तब्बल साठ वर्षे बनत राहिले आणि दहा लाखांहून अधिक नग निघाले. त्यामुळे केवळ मॉडेल कळल्याने वर्ष ठरत नाही. त्यासाठी चौकटीच्या खालच्या बाजूस पुढे कोरलेला क्रमांक पाहावा लागेल. त्याच्यासोबत इंग्रजी अक्षर असल्यास तेही कळवा. ही अक्षरे रचनेतल्या मोठ्या बदलांप्रमाणे लावली जात. ई हे त्यांतले शेवटचे असून नंतरच्या असंख्य नगांवर आढळते, म्हणजे ते नुसते पाहून वर्ष सांगता येत नाही, फक्त अगदी सुरुवातीचा काळ बाद होतो. पूर्ण क्रमांक येथे लिहू नका, पहिले दोन अंक पुरेत.

जुनेशिक्के

क्रमांकाइतकेच परीक्षण-शिक्क्यांकडे, म्हणजे नळी बाराचा दाब सोसते याची चाचणी झाल्याच्या खुणांकडे, लक्ष द्यावे, असे माझे मत आहे. नळीवर लंबगोलात डब्ल्यू आणि पी ही अक्षरे असतील तर तो विंचेस्टरचा स्वतःचा परीक्षण-शिक्का होय. तो जुलै १९०५ पासून वापरात आला. या बंदुका अमेरिकेतून थेट येत, तशाच इंग्लंडमार्गेही येत. इंग्लंडमध्ये परकीय बंदुकीचे पुन्हा परीक्षण होई आणि १९२५ ते १९५५ या काळात अशा बंदुकांवर 'नॉट इंग्लिश मेक' असे शब्द उमटवले जात. हे शब्द सापडले तर १८९० च्या भेटीची कथा तेथेच संपते.

नळीवर एखाद्या भारतीय पेढीचे नाव असल्यास गोंधळू नये. कलकत्त्याच्या मँटन किंवा रॉडा यांसारख्या पेढ्या विकलेल्या मालावर आपले नाव घालून घेत. ते विक्रेत्याचे नाव, कारखान्याचे नव्हे. आपल्याकडच्या जुन्या घरांत 'मँटनची बंदूक' म्हणून जपलेल्या कित्येक बंदुकांचा जन्म भलतीकडचाच असतो.

वऱ्हाडीवकील

धातूइतकाच कागदही बोलतो. काकांकडे परवान्याची जुनी पुस्तिका असेल तर तिचा मथळा पाहा. 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार' असे छापलेले असेल तर तो कागद बहुधा १९५० पूर्वीचा आहे. मध्य प्रदेशाचे नाव असेल तर १९५० ते १९५६ या दरम्यानचा, आणि मुंबई राज्याचे असेल तर १ नोव्हेंबर १९५६ नंतरचा पण १९६० पूर्वीचा. यावरून बंदूक केव्हा बनली हे कळणार नाही, परंतु ती केव्हापासून घरात होती याची एक बाजू पक्की होईल.

नळीची लांबीही मोजावी. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये संरक्षणासाठीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीबाबत २० इंचांची मर्यादा आहे, आणि या मॉडेलच्या काही आवृत्त्यांची नळी बरोबर २० इंचांची असे. परवान्यावरील वर्णन व क्रमांक बंदुकीशी जुळतात काय, हेही त्याच बैठकीत तपासून घ्यावे. पुढे वारसाहक्काने परवाना मागताना जिल्हादंडाधिकारी कार्यालयात हीच नोंद उपयोगी पडते.

मेळघाटवासी

माझ्या मेहुण्यांकडे घोडा आत असलेली रेमिंग्टन आहे, तिचेही वर्ष असेच क्रमांकावरून काढावे काय?

पितळीकाडतूस

रेमिंग्टनचे काम सोपे आहे. त्यांच्या नळीवर डाव्या बाजूस, चौकटीलगत, बारीक अक्षरे असतात. पहिले अक्षर महिन्याचे. 'ब्लॅक पावडर' या इंग्रजी शब्दांची अकरा अक्षरे क्रमाने जानेवारी ते नोव्हेंबर दाखवतात आणि बाराव्या महिन्यासाठी एक्स येतो. त्यापुढील अक्षर वर्षाचे असून ही पद्धत १९२१ पासूनची आहे. मात्र ती तारीख नळीची असते. नळी बदललेली असल्यास चौकटीचे वय वेगळे निघेल. मॉडेल १० आणि मॉडेल १७ मध्ये काडतूस खालून पडते, तर १९३१ च्या मॉडेल ३१ मध्ये बाजूने. तेवढे पाहिले तरी अर्धी ओळख पटते.

वैनगंगाकाठ

सर्वांचे आभार. काकांच्या देखरेखीखाली रविवारी पाहणी केली. क्रमांक सहा अंकी असून ७६ ने सुरू होतो आणि सोबत ई आहे. नळी सुटी करता येते आणि तिच्या जोडभागावर खालून तोच क्रमांक आहे. नळीवर मॉडेल ९७ असे आखूड लिहिले आहे, लंबगोलातील शिक्का आहे आणि खडूची पूड भरल्यावर 'नॉट इंग्लिश मेक' हे शब्दही स्पष्ट दिसले. परवान्याच्या सर्वांत जुन्या पुस्तिकेवर सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार असे आहे. नळी ३० इंचांची भरली. दस्ता (खांद्याला टेकवायचा लाकडी भाग) मात्र सागवानाचा वाटतो.

पितळीकाडतूस

मग चित्र बऱ्यापैकी स्पष्ट आहे. दोन्ही ठिकाणचा क्रमांक जुळतो, म्हणजे नळी आणि चौकट कारखान्यापासून एकत्र आहेत. सात लाख साठ हजारांच्या पुढचे क्रमांक १९२० च्या दशकाच्या मध्याचे आहेत, आखूड लिहिलेले मॉडेलचे नावही त्या काळाशी जुळते, आणि इंग्लंडमधील परीक्षण १९२५ पूर्वीचे असू शकत नाही. आपली बंदूक १९२५ नंतर इंग्लंडमार्गे निघाली आणि कागदानुसार १९५० पूर्वी आपल्या घरी पोहोचली. साहेबाने भेट दिली असेलही, पण ती १८९० मध्ये नव्हे. मूळ दस्ता अक्रोडाचा असतो. तो तुटल्यावर आलापल्लीकडच्या सागवानाचा नवा बसवलेला असावा. आपल्या भागात ही दुरुस्ती सर्रास होई आणि वर्ष ठरवण्यास तिने बाधा येत नाही.

जुनेशिक्के

एक गोष्ट राहिली. १२ बोअरच्या या मॉडेलचे चेंबर (नळीतली काडतूस बसण्याची जागा) पावणेतीन इंचांचे, म्हणजे आपल्याकडच्या ७० मिलिमीटर काडतुसाचे असते. तरीही बंदूक शंभरीला टेकलेली आहे, त्यामुळे परवानाधारक शस्त्रदुरुस्तीकाराकडून बोल्टची पकड आणि चेंबर मोजून घेतल्याशिवाय काकांनी तिच्यात कोणतेही काडतूस घालू नये.