अनुभव धागा: देवाधर्माचं नाव घेऊन समलिंगी माणसाला बोल लावले, तेव्हा तुमच्या घरात काय झालं?

अंबाजोगाईची_लेक: गावात सप्ताह बसलाय. परवा कीर्तनात महाराज म्हणाले, "पोराला पोरगा आवडायला लागला, हे कलियुग." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला डिसेंबर 2013 आठवला. सुप्रीम कोर्टानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं 377 कलम पुन्हा लागू केलं आणि पारावर पेपर वाचत "देवालाच मान्य नाही" सुरू झालं. माझा मावसभाऊ तिथंच बसलेला. भजनात पखवाज तोच वाजवायचा. त्या दिवसापासून हात लावला नाही. पखवाजाच्या डाव्या अंगाला लावलेली कणीक वाळून तडकली, तरी खरवडून काढली नाही त्यानं. तुमचेही अनुभव लिहा.

परभणीकर_82: ताई गाव कोणतं? 2009 ला दिल्ली हायकोर्टानं 377 मधून सोडवलं होतं, त्याच्याविरुद्ध हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन सगळ्यांतले लोक सुप्रीम कोर्टात गेले. एरवी एका पंगतीला बसत नाहीत. लई वाईट वाटलं होतं.

गोदाकाठ: मला आधी देवऋषी, मग लातूरला डॉक्टर. दोघं एकच बोलले, लग्न लावून द्या. 2022 ला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं असले 'बदलायचे' उपचार म्हणजे डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलं. माझं तोवर सगळं भोगून झालं होतं. 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टानं हा गुन्हा नाही म्हणून निकाल दिला, तो बापूंना वाचून दाखवला तर म्हणाले, कोर्टाचं कोर्टापाशी, मला पाहुण्यात तोंड दाखवायचंय. देवाचं नाव पुढं करायलेत, भ्या सगळं सोयरिकीचं.

परभणीकर_82: हाव. बहिणीचं लग्न राहिलंय, हे पहिलं.

सुई_दोरा: शिलाई करत करत लिहायलेय, चुका पोटात घाला. आम्ही ख्रिश्चन, जालना. पाळक दर रविवारी बायबलातली सदोम नगरीच्या नाशाची गोष्ट काढायचे, मुलगी माझ्या शेजारी मान खाली घालून. डिसेंबर 2023 ला पोपनी अशा जोडप्यांना आशीर्वाद द्यायला परवानगी दिली, लग्नाला नाही. आमच्या चर्चमध्ये पोपचं चालत नाही, तरी बातमी सासूबाईंना दाखवली. त्या आता नातीसाठी प्रार्थना करतात, तिच्याविरुद्ध नाही.

शाहगंज: मशिदीत जुम्म्याच्या बयानात, म्हणजे प्रवचनात, असंच ऐकून घरी आलो, अम्मीला सगळं सांगितलं. बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, हिसाब अल्लाह घेईल, तू जेवून घे. अब्बा अजून बोलत नाहीत.

गोदाकाठ: @शाहगंज अम्मीला सलाम सांग भावा.

काल्याची_बुंदी: सप्ताह म्हटलं की आमच्याकडं वांग्याची भाजी न् बुंदी. तुमच्याकडं काय असतं?

अंबाजोगाईची_लेक: पुरी, बुंदी. ऐका, आज आई महाराजांच्या पाया पडायला गेली. नारळ ठेवला आणि म्हणाली, "चोखोबाला आत येऊ दिलं नाही तेव्हाबी शास्त्रच दाखवलं असंल ना महाराज? हे माझ्या बहिणीचं लेकरू आहे." महाराज म्हणाले, माउली, मी कोणाचं नाव घेतलं नव्हतं. आई म्हणाली, म्हणून तर सगळ्यांना लागलं.

सुई_दोरा: तुमच्या आईंना साष्टांग 🙏 महाराजांनी पुढं काय केलं?

अंबाजोगाईची_लेक: काही नाही. उद्या काल्याचं कीर्तन त्यांचंच आहे. आई पुढंच बसणार म्हणते.

नवीन_आयडी_431: मी नांदेड. घरी कोणाला माहीत नाही. रात्री लई घुसमट होते. कोणाशी बोलू?

गोदाकाठ: टेलिमानस 14416, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन. सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात, रात्रीबी लागतो. आणि मला निरोप टाक, मी जागाच असतो.

परभणीकर_82: मलाबी टाक. परभणी-नांदेड काही लांब नाही.