गॅलार्डिया पानांनीच भरलाय, फुलं का येत नाहीत?

परसातली: नमस्कार मंडळी. बी पेरून कुंडीत गॅलार्डिया लावलाय, लाल पाकळ्या आणि पिवळी टोकं असलेला साधा वाण. रोपं जोमात आहेत, पानं हिरवीगार, पण कळ्या अगदी मोजक्या. मातीत अर्धं शेणखत आहे, रोज पाणी घालते, अधूनमधून युरियाही देते. दुपारी बारानंतर तिथे सावली येते. आता एका रोपाचा बुंधा काळा पडून मऊ झालाय. काय बदलू? आणि बी कसं धरायचं?

रानफुले: ताई, आधी युरिया बंद करा. हे मुळात माळरानावरचं झाड. उत्तर अमेरिकेच्या दक्षिण भागात आणि मेक्सिकोत ते रेताड, कोरड्या जमिनीत आपलं आपण उगवतं. ओक्लाहोमाने १९८६ साली त्याला राज्याचं रानफूल केलं. अशा झाडाला नत्र जास्त झालं की ते पानं वाढवत बसतं आणि फुलांचं नाव घेत नाही. शेणखतही पुढच्या वेळी मूठभरच घाला आणि मातीत जाड वाळू मिसळा.

काळा बुंधा म्हणजे कूज. ते रोप मुळासकट काढून टाका, त्याची माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका. बाकीच्यांना बोट खुपसून बघितल्याशिवाय पाणी घालू नका. वरचा दोन बोटं थर कोरडा लागला तरच द्यायचं, तेही बुंध्याशी, पानांवर नाही. पानं ओली राहिली की रोग येतो. कुंडीखाली ताटली ठेवली असेल तर आजच काढा.

आणि ऊन! सहा तास तरी थेट ऊन हवंच, त्याला पर्याय नाही. कुंडी हलवा.

परसातली: ताटली होतीच, काढली. वाळलेली फुलं खुडायची म्हणतात, पण मला कळी कोणती आणि संपलेलं फूल कोणतं तेच कळत नाही. दोन्ही गोलच दिसतात.

रानफुले: हे विचारलंत ते फार बरं केलंत, कारण पुष्कळ जण कळ्या समजून बोंडं तशीच ठेवतात आणि मग बहर मंदावतो. कळी चपटी असते, हिरवट, मध्ये घट्ट मिटलेली. पाकळ्या गळून गेलेलं बोंड चेंडूसारखं गोल फुगतं, तपकिरी होतं आणि त्यावर बारीक कुसं उभी राहतात. बोटाने दाबून बघा, बोंड टोचतं. नुसतं डोकं तोडू नका, देठ खाली पहिल्या पानापर्यंत कापा, म्हणजे तिथून नवा फुटवा येतो.

बी हवं असेल तर चांगल्या फुलांची काही बोंडं मुद्दाम राखा. हात लावताच बोंड विस्कटून सुटं झालं की बी पिकलं. दाण्याला खाली केस आणि वर कागदासारखे पापुद्रे असतात. सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवा. पेरताना मातीवर नुसतं दाबा, वर अगदी पातळ थर पुरे, खोल पुरू नका. त्याला उगवायला उजेड लागतो. आठ-पंधरा दिवसांत कोंब दिसतात. नंतर विरळणी करून दोन रोपांत फूटभर अंतर ठेवा. जीव तुटतो रोपं उपटताना, पण गर्दीत वारा खेळत नाही आणि रोग येतो.

कुंडीवाला: थोडी भर घालतो. संकरित वाणाचं बी धरलं तर पुढची रोपं आईसारखी येतीलच असं नाही. रंग आणि उंची बदलते. तोच वाण पाहिजे असेल तर बहुवर्षायू जातीचा गड्डा फोडून लावा. आणि ज्यांची त्वचा नाजूक आहे त्यांनी हातमोजे घाला, काहींना या झाडाच्या पानांनी खाज सुटते.

परसातली: माझा तर साधाच वाण आहे, तेव्हा बीच धरते. दोन बोंडांना दोरा बांधून ठेवलाय, बाकीची सगळी खुडली. खुडताना बोटाला टोचली, म्हणजे बोंडंच होती ती! बहुवर्षायू जात किती वर्षं टिकते?

रानफुले: दोन-तीन वर्षं जोरात फुलते, मग मधोमध उघडी पडते. तोवर तुमच्याच बियांची नवी रोपं तयार ठेवा. तुमचा साधा वाण मात्र एका हंगामाचाच, त्यामुळे दोऱ्याची बोंडं सांभाळा. पाऊस लागला तर ती कुजतात, ढग दिसले की कुंडी आडोशाला घ्या.