पहिलाच पीसी घरी जोडला आणि सुरूच होईना : तुमचंही झालंय का असं?

घणसोली (धागा काढतोय तो मीच)

मंडळी, मागच्या पावसाळ्यात लॅमिंग्टन रोडवरून सगळे पार्ट एका खेपेत आणले. ग्रँट रोडहून दादर, दादरहून ठाणे, तिथून ट्रान्स हार्बरनं घणसोली, आणि अख्खा वेळ मांडीवर कॅबिनेट. रात्री साडेअकराला बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, स्क्रीन मात्र काळीकुट्ट. आतल्या खोलीतून बाबा दर दहा मिनिटांनी, "झाला का रे सुरू?"

पहिली चूक तासाभरानं सापडली. मॉनिटरची वायर मदरबोर्डला लावली होती. माझा प्रोसेसर रायझन ५ ५६००, त्याच्या पोटात ग्राफिक्स नाहीच; वायर ग्राफिक्स कार्डालाच हवी. (नावापुढे 'जी' असलेल्या ५६००जी मध्ये ग्राफिक्स असतं. इंटेलमध्ये उलटं, शेवटी 'एफ' असेल तर नसतं.) वायर बदलली, तरी डिस्प्ले नाही. मग बोर्डाच्या कोपऱ्यातल्या चार बारीक दिव्यांकडे लक्ष गेलं : सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (सुरू व्हायची डिस्क). त्यातला डीरॅमचा पेटून राहिलेला. आता रॅम तर मी बसवली होती! पण हल्ली बऱ्याच बोर्डांवर रॅमच्या खाचेला खटका एकाच टोकाला असतो. त्या टोकाला 'कट्' वाजलं की आपण खूश, दुसरं टोक केसभर वर राहिलेलं दिसतही नाही. बोर्ड मोडेल या भीतीनं मी दाबलंच नव्हतं. अंगठ्यानं नीट दाबलं आणि पहाटे दोनला बायोस (बोर्डातला पीसी सुरू करणारा प्रोग्रॅम) दिसलं.

तुमचंही लिहा. 'मदरबोर्ड बदल' असले सल्ले नकोत, नेमकं काय निघालं तेवढं सांगा.

ऐरोली

सीपीयूची आठ पिनांची वायर लावलीच नव्हती. चोवीस पिनांची मोठी लावली, पंखे फिरले, मग अजून काय हवं असं वाटलं. दोन दिवस गेले.

नौपाडा, ठाणे

तुम्ही पोरं नशीबवान, तुमच्या बोर्डावर दिवे तरी आहेत. मी २००३ साली पेंटियम ४ जोडला तेव्हा आतला इवलासा स्पीकर किती वेळा 'टूं' करतो ते मोजायचं आणि रॅम खोडरबरानं घासायची, एवढंच हातात होतं. माझी वेळ तर त्याच्याही आधी आली. स्वस्तातल्या एसएमपीएसला (पीसीला वीज पुरवणारा डबा) मागे एक लाल खटका असायचा, ११५ आणि २३० व्होल्टचा. मला वाटलं, हेच चालू-बंदचं बटण. सरकवलं ११५ वर आणि प्लग लावला. फट्! घरभर जळका वास, अख्ख्या घराची वीज गेली, आणि सौ. देवघरात निरांजन शोधतायत. मदरबोर्ड कसा वाचला देव जाणे. त्यानंतर कुणी स्वस्तातला एसएमपीएस घेतो म्हणालं की मी त्याला ही गोष्ट ऐकवतो. ऐकत कुणी नाही.

खारघर

माझं अगदीच पोरकट आहे. रायझनचा नव्या पिढीचा एएम५ बोर्ड, त्यावर नव्या प्रकारची डीडीआर५ रॅम. काळी स्क्रीन दिसली की मिनिटभरात घाबरून मेन स्विच बंद करायचे. असं तीनदा केलं. चौथ्यांदा कंटाळून तसाच सोडला आणि चहा टाकायला गेले. परत आले तर बायोस समोर! पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड रॅमशी जुळवून घेतो, त्याला काही मिनिटं लागतात. मी दर वेळी मधेच त्याचा गळा आवळत होते.

कोपरखैरणे

माझा पंखा अर्धा फेरा घ्यायचा आणि थांबायचा. पुन्हा बटण, पुन्हा अर्धा फेरा. दुकानदार फोनवर म्हणाला, "बोर्ड गेला, घेऊन या." तेवढ्यात शेजारच्या काकांनी अडवलं. ते म्हणाले, आधी कॅबिनेटमधून सगळं बाहेर काढ. बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला, त्यावर प्रोसेसर, कूलर, एक रॅम आणि एसएमपीएसच्या वायरी. बास. बटण नाही, म्हणून पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं. लागला की! म्हणजे बोर्ड धडधाकट, दुखणं कॅबिनेटमध्ये.

कॅबिनेटमध्ये पितळी स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारे छोटे खुंट) आधीच बसवून आलेले, मोठ्या बोर्डाच्या हिशोबानं. माझा बोर्ड मायक्रो एटीएक्स, म्हणजे लहान आकाराचा, त्याला तितकी भोकंच नाहीत. त्यातला एक स्टँडऑफ बोर्डाच्या पाठीवरच्या सोल्डरच्या टोकांना टेकत होता. शॉर्ट झालं की एसएमपीएस स्वतःला वाचवायला बंद पडायचा. तो एक स्टँडऑफ पकडीनं पिळून काढला आणि काम झालं. काकांना वडापाव.

वर्तकनगर, ठाणे

मलाही दुकानात "बोर्ड डेड" सांगितलं होतं. बी४५० बोर्ड, दुकानात जुना पडून असलेला, आणि वर रायझन ५०००चा नवा प्रोसेसर. बोर्डातलं बायोस त्या प्रोसेसरच्या जन्माआधीचं, ओळखणार कसं? सुदैवानं मागे फ्लॅशबॅकचं, म्हणजे पेन ड्राइव्हवरून बायोस नवं करायचं, बटण होतं. पेन ड्राइव्ह फॅट ३२ मध्ये फॉरमॅट केला, कंपनीच्या साइटवरची फाइल सांगितलेल्या नावानं टाकली, बटण दाबलं. दिवा लुकलुकत राहिला, मी तोवर विजेच्या मीटरकडे हात जोडून उभा. वीज मधेच गेली तर बोर्ड खरंच डेड होईल, ही धास्ती!

पनवेल

माझा सुरू व्हायचा आणि मोजून चार सेकंदांत बंद. रॅम काढली-घातली, बोर्डावरचा बटणसेल काढून ठेवला, काही उपयोग नाही. शेवटी कळलं की कॅबिनेटचं पॉवर बटण दाबलं की आतच अडकतंय. बटण चार सेकंद दाबून धरलं की पीसी बंद होतो, ते बिचारं तेच करत होतं. रीसेटच्या बटणाची वायर काढून पॉवरच्या पिनांवर लावली. दोन वर्षं झाली, अजून तसंच चालू आहे. पाहुणे आले की मोठं बटण दाबत बसतात आणि म्हणतात, तुमचा कॉम्प्युटर बिघडलाय वाटतं.