मदत हवी आहे: १४ महिन्यांत तिसरा चार्जर गेला, प्रवासात तो जपायचा कसा?

गुलबक्षी

नमस्कार मंडळी,

मी चिपळूणला राहते. पतसंस्थांच्या हिशेबतपासणीचं काम करते, त्यामुळे आठवड्यातले चार दिवस गुहागर, दापोली, खेड, मंडणगड अशी एसटीने फिरती असते. लॅपटॉप चार वर्षांचा आहे आणि अजून छान चालतो. टिकत नाही तो चार्जर. लॅपटॉपबरोबर आलेला मूळ चार्जर गेल्या वर्षी गेला, मग बाजारातून घेतलेला दुसरा आठ महिन्यांत गेला आणि आता तिसराही त्याच वाटेवर आहे.

गेल्या मंगळवारी मंडणगडला होते. तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकींचा ताळा) जुळत आली होती, बॅटरी ११ टक्क्यांवर आलेली आणि चार्जर लावला तर काहीच होईना. वायर पिनेजवळ विशिष्ट कोनात धरली की चार्जिंग सुरू व्हायचं, हात सोडला की बंद. संस्थेचे सचिव आणि कारकून माझ्यासाठी थांबले होते. शेवटी काम अर्धवट ठेवून परत यावं लागलं आणि गुरुवारी त्या सगळ्यांना पुन्हा बोलवावं लागलं. त्या लोकांचा दिवस माझ्यामुळे गेला, हे मला फार लागलं.

माझी पद्धत सांगते. काम झालं की वायर ठोकळ्याभोवती घट्ट गुंडाळते, पिनेचं टोक शेवटच्या वेढ्यात खोचते आणि चार्जर बॅगेच्या पुढच्या खणात टाकते. गाडीत गर्दी असली की बॅग वरच्या फळीवर किंवा पायाशी असते.

चार्जरवर १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर असं लिहिलंय. पिन गोल आहे, आत मधोमध बारीक सुई. ठोकळ्यावरचा दिवा लागतो. मात्र दोन दिवसांपासून लॅपटॉप सुरू करताना 'चार्जर ओळखता येत नाही' अशा अर्थाचा संदेश येतो आणि बॅटरी भरतच नाही.

मला दोन गोष्टी कळायला हव्यात. हा चार्जर दुरुस्त होईल का? आणि पुढचा तरी प्रवासात टिकावा म्हणून नेमकं काय करू?

---

कथील

ताई, मी २२ वर्षं दुरुस्तीच्या टेबलावर बसतोय. तुमचा चार्जर बहुधा वाचेल. ठोकळ्याचा दिवा लागतोय आणि वायर हलवली तरी तो विझत नाही ना? मग आतलं सर्किट ठीक आहे, तार तुटलीय ती पिनेच्या मानेपाशी. तपासताना दिवा विझला किंवा लुकलुकला, तर मात्र आत दोन तारा एकमेकींना चिकटताहेत असं समजा. मग तो चार्जर त्या क्षणापासून लावायचा नाही.

असं का होतं ते सविस्तर सांगतो, कारण कारण कळलं की सवय बदलते. या वायरीत शेजारी-शेजारी दोन तारा नसतात. मधे एक तार, तिच्यावर आवरण आणि त्या आवरणाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारांचं वेष्टण अशी ती रचना असते. तांबं एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकलं की कडक होतं आणि तुटतं. बाहेरच्या बारीक तारा एकेक करून तुटतात. उरलेल्यांवर सगळा प्रवाह येतो, म्हणून ती जागा तापते. बाहेरून रबर धड दिसतं, आत निम्म्या तारा गेलेल्या असतात. माझ्याकडे येणाऱ्या चार्जरांपैकी बहुतेक असेच मानेपाशी तुटलेले असतात, एकतर पिनेच्या मानेपाशी नाहीतर ठोकळ्यातून वायर बाहेर पडते तिथे. सर्किट जळून आलेले त्यामानाने कमी.

तुमच्या पिनेतली ती बारीक सुई लॅपटॉपला वीज पुरवत नाही. चार्जर किती वॉटचा आहे हे ती लॅपटॉपला सांगते. तुमचा १९.५ गुणिले ३.३४, म्हणजे ६५ वॉटचा. सुईची तार फार नाजूक असते. ती तुटली की लॅपटॉप चार्जर ओळखत नाही, बॅटरी भरत नाही आणि बरेचदा मशीन मुद्दाम संथ चालतं. तुम्हाला दिसलेला संदेश त्यातलाच.

दुरुस्ती म्हणजे खराब तुकडा कापून पिनेसकट नवी वायर जोडणं. ती तीन तारांची (अधिक, उणे आणि सुईची) आणि त्याच मापाच्या पिनेची हवी. दुकानदाराला सांगा की लॅपटॉपला लावण्याआधी मल्टिमीटरवर अधिक-उणे तपासून दाखवा. आमच्याकडे याचे अडीचशे-तीनशे रुपये होतात. ठोकळा घरी उघडू नका. २३० व्होल्टवर चालताना आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही ते थोडा वेळ राहू शकतात.

आता गुंडाळण्याबद्दल. ठोकळ्याभोवती घट्ट वेढे घेतले की ठोकळ्यापाशीची वायर पहिल्याच वेढ्याला काटकोनात मोडते. रोज तीच जागा. पिन खोचता तिथेही तेच होतं. म्हणून वायर ठोकळ्याभोवती गुंडाळूच नका.

---

तिसरी_घंटा

कथील यांनी कारण सांगितलं, मी हाताची रीत सांगते. नाटकाच्या दौऱ्यांवर ध्वनीची बाजू सांभाळते. आमच्या माइकच्या केबली रोज रात्री गुंडाळल्या जातात, रोज दुसऱ्या गावात सोडल्या जातात आणि नीट गुंडाळल्या तर वर्षानुवर्षं चालतात.

वायरीचा प्रत्येक साधा वेढा तिला एक पीळ देतो. दहा वेढे, दहा पीळ. सोडताना ती ओढली की तेच पीळ आतल्या तारांवर येतात. म्हणून एक वेढा सुलट आणि एक उलट घ्यायचा. डाव्या हातात टोक धरा. पहिला वेढा नेहमीसारखा. दुसऱ्या वेळी उजव्या हाताचा अंगठा खाली जाईल असं मनगट वळवून वायर आणा, म्हणजे ती वेढ्याच्या आतल्या अंगाने बसते. पहिल्याने दिलेला पीळ दुसरा काढून घेतो. पहिले चार दिवस हात अडखळतो, मग आपोआप होतं. एवढी काळजी घ्या की शेवटी टोक वेढ्यांच्या मधून ओवलं जाऊ नये, नाहीतर सोडताना गाठी पडतात.

वेढा तळहाताहून लहान नको. ठोकळ्यापासून निघालेली पहिली वीतभर वायर सैल सोडून द्या, तिथून पुढे वेढे सुरू करा. बांधायला वेल्क्रोची पट्टी उत्तम. रबरबँड नको, उन्हापावसात ते चिकट होऊन वायरीला लागतं.

---

जांभा

माझा अनुभव: कडक डबा. मिक्सरच्या खोक्यातल्या थर्माकोलमध्ये चार्जरच्या आकाराचा खळगा कापला आणि तो डब्यात बसवला. दोन वर्षं वापरतोय, दाब अजिबात येत नाही. ताईंनी करून पाहावं.

---

कथील

जांभा, डब्याची कल्पना चांगली, पण थर्माकोल काढून टाका. वायरीचं आवरण पीव्हीसीचं असतं आणि ते मऊ राहावं म्हणून त्यात एक द्रव्य घातलेलं असतं. पीव्हीसी थर्माकोलला लागून राहिलं की ते द्रव्य हळूहळू थर्माकोलमध्ये उतरतं. थर्माकोल विरघळल्यासारखा चिकट होतो आणि वायर कडक, ठिसूळ. घरांच्या वायरिंगमध्येही वायर थर्माकोलला लागू देत नाहीत, ते याच कारणाने. तुमची वायर जिथे थर्माकोलला टेकते तिथे चिकटपणा आलाय का, बघून सांगा.

---

जांभा

आत्ताच पाहिलं. खळग्याच्या कडेला वायरीची खूण खोल उमटली आहे आणि तिथे हाताला चिकट लागतंय. मला वाटत होतं गरम ठोकळ्यामुळे झालं असेल. काढून टाकतो आणि जुन्या टॉवेलचं अस्तर लावतो. मनापासून आभार.

---

गुलबक्षी

कथील, तिसरी_घंटा, तुम्ही एवढं समजावून लिहिलंत, खूप आधार वाटला. दिवा तपासला. वायर कशीही हलवली तरी विझत नाही. शनिवारी दुरुस्तीला नेते.

एक विचारायचं राहिलं. बॉलपेनची स्प्रिंग मानेवर चढवायचा उपाय बऱ्याच जणांनी सांगितला. करावा का? आणि ज्या कार्यालयांत मी बसते तिथले प्लग फार सैल असतात, काही ठिकाणी लॅपटॉपच्या धातूच्या कडेला मनगट लागलं की झिणझिण्या येतात. हे धोक्याचं आहे का?

---

कथील

स्प्रिंग नको. ती जिथे संपते तिथे वायरीला नवा मोड मिळतो, आणि तारेचं टोक आवरणात रुततं. त्यापेक्षा नवी वायर जोडून घेताना दुकानदाराकडून मानेवर हीट श्रिंक नळीचे, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणाऱ्या नळीचे, दोन थर चढवून घ्या. पहिला थर लांब, दुसरा आखूड. म्हणजे कडकपणा हळूहळू कमी होत जातो आणि वायर एका जागी न मोडता कमानीसारखी वाकते.

झिणझिण्यांबद्दल. तुमचा प्लग तीन पिनांचा असेल तर त्यातली जाड पिन अर्थिंगची असते. भिंतीत अर्थिंग नसलं किंवा तुम्ही दोन पिनांचा जोड वापरत असलात, तर चार्जरमधल्या फिल्टरमधून येणारा अगदी थोडा प्रवाह जमिनीत न जाता लॅपटॉपच्या धातूवर येतो. तेच जाणवतं. सहसा तो फार थोडा असतो, पण ती जागा अर्थिंग नसल्याची खूण समजा आणि पाय ओले असताना तिथे काम करू नका. झटका जोरात बसला तर चार्जर लगेच काढा. सैल प्लगमध्ये ठिणग्या पडतात, त्या चार्जरला आणि सॉकेटला दोघांनाही मारक. चांगल्या प्रतीचा, सर्ज संरक्षण असलेला छोटा एक्स्टेन्शन बोर्ड बॅगेत ठेवा. वीज गेली की चार्जर काढून ठेवा आणि आल्यावर दोन-तीन मिनिटांनी लावा. पावसाळ्यात ग्रामीण भागात वीज येते-जाते तेव्हा हे फार उपयोगी पडतं.

---

रुळांलगत

एसटीइतकाच रेल्वेचाही विचार करा, कोकण रेल्वेने जात असाल तर. डब्यातला पुरवठा सहसा ११० व्होल्टचा असतो. तुमच्या ठोकळ्यावर १००-२४० असं लिहिलं असेल तर तो चालतो. पण सॉकेट उंचावर असतं आणि ठोकळा हवेत लटकतो. त्याचं सगळं वजन मानेवर, वर गाडीचे हिसके. ठोकळा बाकावर टेकवा, जमलं नाही तर लावूच नका. तो चादरीखाली किंवा उशीखाली ठेवू नका, उष्णता बाहेर पडत नाही. आगीच्या धोक्यामुळे पश्चिम रेल्वेने २०२१ पासून रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंगचे पॉइंट बंद ठेवायला सुरुवात केली, तेव्हा रात्रीच्या भरवशावर राहू नका. घरून पूर्ण भरून निघा.

---

पानगळ

लॅपटॉपला टाइप-सी पोर्ट आहे का? आणि त्यातून चार्जिंग होतं का? पोर्टशेजारी छोट्या प्लगचं किंवा बॅटरीचं चिन्ह असेल तर बहुधा होतं, खात्रीसाठी माहितीपुस्तिका पाहा. मी दोन वर्षांपूर्वी ६५ वॉटच्या टाइप-सी चार्जरवर आले. मोठा फायदा असा की वायर दोन्ही बाजूंनी सुटी होते. खराब झाली तर फक्त वायर बदलायची, ठोकळा तोच. फक्त ६० वॉटच्या पुढे जायचं तर वायर ५ अँपिअरची लागते, साध्या मोबाइलच्या वायरीवर तेवढी वीज मिळत नाही.

गोल पिनेचाच नवा घ्यावा लागला तर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि 'आर' अक्षरानंतरचा आठ आकडी नोंदणी क्रमांक ठोकळ्यावर आहे का ते बघून घ्या. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर जास्त असले तर चालतात, कमी नकोत.

---

गुलबक्षी

साडेतीन आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला त्याबद्दल क्षमस्व.

चार्जर दुरुस्त झाला. २८० रुपये लागले. दुकानदारांनी कापलेला तुकडा सोलून दाखवला. बाहेरच्या वेष्टणातल्या जेमतेम पाच-सहा तारा शाबूत होत्या आणि आतलं आवरण तपकिरी पडलं होतं. मी रोज हे घेऊन लोकांच्या कार्यालयात बसत होते, हे बघून अंगावर काटा आला. चार्जर ओळखत नसल्याचा संदेश आता येत नाही.

टाइप-सीचं जमलं नाही. पोर्ट आहे, पण माझ्या मॉडेलमध्ये त्यातून चार्जिंग होत नाही, पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय. म्हणून पैसे साठवून दुसरा गोल पिनेचा घेतला, नोंदणी क्रमांक बघून. तो घरी टेबलालाच असतो. दुरुस्त केलेला फक्त फिरतीसाठी. रोजची काढ-घाल निम्मी झाली.

सुलट-उलट वेढे आता बसतात. आईने जुन्या जीन्सची पिशवी शिवून दिली, दोन खणांची. एका खणात ठोकळा, दुसऱ्यात वायर, मधल्या शिवणीला वरून खाच ठेवली आहे, म्हणजे वायर न मोडता एका खणातून दुसऱ्यात जाते. ती पिशवी बॅगेत लॅपटॉपच्या बाजूला उभी ठेवते, पुढच्या खणात नाही. पावसासाठी बाहेरून झिपवाली प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात सिलिका जेलची पुडी. ठोकळा गरम असताना मात्र प्लॅस्टिकमध्ये घालत नाही, आवराआवर करताना तो आधी काढून निववते. या काळात दापोलीला तीनदा, मंडणगडला दोनदा जाऊन आले.

---

तिसरी_घंटा

मधल्या शिवणीची खाच ही फार छान युक्ती आहे. पिशवीची मापं द्याल का? आमच्या संचातल्या सगळ्यांसाठी शिवून घेते.

---

गुलबक्षी

आईला विचारून लिहितेय. ठोकळ्याचा खण ठोकळ्याच्या लांबीपेक्षा चार बोटं जास्त, रुंदीला दोन बोटं जास्त. वायरीचा खण चौकोनी, एक वीत बाय एक वीत. मधल्या शिवणीची खाच वरून तीन बोटं खोल, आणि तिच्या कडेला पट्टी दुमडून टीप मारायची, नाहीतर जीन्सची कड वायरीला घासते. झाकण वेल्क्रोचं. चेन लावू नका, असं ती मुद्दाम सांगतेय, चेनीच्या दातांत वायर सापडते.