गडांपेक्षा पाणवठे धरा

हजेरी घटलेलं फ्रीमेसन लॉज, म्हणजे या बंधुसंघटनेची स्थानिक शाखा, ट्रेकिंगवर पुन्हा उभं करायची कल्पना वर आली आहे. दिशा योग्य आहे, पण राजगड-तोरणा नको. साठीपुढचे बंधू, म्हणजे सदस्य, दुसऱ्याच खेपेला गळतील, आणि लॉजची सभा रीतसर उघडायला लागणारे किमान सदस्य बहुधा त्यांच्यातूनच येतात. पक्षीनिरीक्षण घ्या. कवडीपाट पुणे शहराला लागूनच आहे, भिगवण साधारण शंभर किलोमीटर. डिसेंबर ते मार्च हंगाम. पहाटे साडेचारला निघालात तर भिगवणजवळच्या कुंभारगावच्या नावेतून कोवळ्या उन्हात रोहित (फ्लेमिंगो) दिसतात. उन्हं चढली की पाण्यावर नुसती चकाकी. दुर्बीण ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची), तिघांत एक पुरते.

सहल आणि सभा मात्र कधीही एकत्र करू नका. सहलीला घरची मंडळी, मित्र सगळे येऊ देत. विधी, विधीत घालायचा एप्रन काही नको. सदस्य व्हा म्हणून गळ घालायची नाही, कुणी आपणहून विचारलं तरच बोलायचं. खर्चाची वही वेगळी ठेवा, दानाच्या निधीला हात नको.

खरा धोका असा, की नवे लोक पक्ष्यांसाठी येतात आणि विधीला फिरकत नाहीत. म्हणून लॉजमध्ये प्रवेश देण्याआधी किमान तीन-चार महिने ओळख होऊ द्या.