इंग्रजी ऐकताना तुमची गफलत कुठे झाली? (अनुभव धागा)

मी रत्नागिरीजवळच्या शाळेत इंग्रजी शिकवते. मुलांचे कान कच्चे आहेत, हे मला मुळीच पटत नाही. आपला कान मराठी अक्षरं शोधत असतो. 'दिन' आणि 'दीन' लिहितो वेगळे, पण बोलतो सारखेच. मग जहाजाचं 'शिप' आणि मेंढीचं 'शीप' वेगळे कसे ऐकू येणार? इंग्रजीत तिथे नुसती लांबी नाही, स्वरच बदलतो. नेमका शब्द आणि प्रसंग लिहा.

दापोली
मी बोटीवर असतो. कॅडेट असताना धक्क्याला लागताना मागून वॉकीटॉकीवर 'फिफ्टीन' मीटर आलं, मी कॅप्टनना 'फिफ्टी' सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारून घेतलं म्हणून निभावलं. शेवटचा 'न' खरखरीत बुडतो. आता मी जोर कुठे पडतो ते ऐकतो: 'फिफ्टी'त सुरुवातीला, 'फिफ्टीन'मध्ये बहुधा 'टीन'वर. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेल्या, जहाजांवर बोलायच्या ठरावीक वाक्यांत आकडे सुटेच बोलायचे असतात, १५० म्हणजे 'वन फाइव्ह झीरो'. सुकाणूचे अंश मात्र 'फिफ्टीन' असेच सांगतात. म्हणून सुकाणूवरच्या माणसाने हुकूम परत म्हणून दाखवायचा.

वेंगुर्ला
माझं 'व्हेट' आणि 'वेट'. आरशात बघून बसवलं: एकाला दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्याला ओठ गोल होतात. म्हणता आलं तसं ऐकूही येऊ लागलं.

तारकर्ली
आमच्याकडे पर्यटक उतरतात. एक अमेरिकन पाहुणे कोळंबीबद्दल काहीतरी म्हणाले, मला 'कॅन ईट' ऐकू आलं. मी ताटात कोळंबीच्या कढीची वाटी ठेवली. त्यांचा हात मागे गेला. आई चुलीजवळून म्हणाली, "गो, तो मान हलयता, तेका नको आसा!" त्यांना कोळंबीची ॲलर्जी होती. माझे हात गार पडले. नकाराला 'कान्ट' असं मी शाळेत शिकले होते. त्यांच्या बोलण्यात 'आ' नव्हताच, आणि शेवटचा 'ट' घशातच थांबला. नंतर लक्षात आलं, की खाता येतं तेव्हा ते घाईत 'कन् ईट' म्हणतात. 'कॅन्' ठसठशीत आलं तर बहुधा नकारच. आता खाण्याचं मी दोनदा विचारते.

रत्नागिरी
तारकर्लीच्या ताई, उद्या वर्गात 'कन्' आणि 'कॅन्' घेते. फळ्यावर काहीही न लिहिता, फक्त ऐकवून.